मोटारीचें हेड गॅस्केट

डीझेल इंजिनांत पेट्रोल इंजिनाप्रमाणें ठिणगी पाडण्याची योजना नसते. हवा इतक्या जोरानें दाबली जाते कीं, ती त्या दाबानेंच तापते आणि तींत फवारलेलें डीझेल आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें असें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं चालवून दाखविलें. हा प्रचंड दाब कोंडून धरण्याचें काम इंजिनाचा ठोकळा व त्यावर झांकणासारखें बसणारें हेड यांमध्यें दडलेल्या एका पातळ पत्र्याकडे असतें. त्यासच हेड गॅस्केट म्हणतात. शेजारून वाहणारें थंडाव्याचें पाणी व वंगणाचें तेल यांसही तेंच एकमेकांपासून दूर ठेवितें.

इंजिन फार तापलें म्हणजे हेड किंचित् वांकतें आणि गॅस्केट जळतें. मग पाणी घटूं लागतें, त्यांत बुडबुडे येतात, तेल दुधाळ दिसतें किंवा मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो. मात्र एकच लक्षण पाहून निदान करूं नये. थंडीच्या दिवसांत साधी वाफ जमूनही तेलाच्या झांकणाखालीं फेस दिसतो.

हें काम घरीं करितां येईल काय? येईल; पण त्यास बळापेक्षां मोजमाप अधिक लागतें. उदाहरणादाखल आम्ही स्कोडा ऑक्टेव्हिया गाडीचें १.९ लिटरचें डीझेल इंजिन घेतों. ही गाडी २००१ सालापासून कांहीं वर्षें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें जोडली जात असे. त्यामुळें ती आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाची आहे.

प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. गरम असतां पाण्याचें झांकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें. पाण्यांत मिसळलेलें कूलंट गोड परंतु विषारी असतें; तें मुलें व जनावरें यांच्यापासून दूर सांठवावें. टायमिंग बेल्ट काढण्यापूर्वीं इंजिन नेमक्या खुणेवर अडकवून ठेवावें. हेडचे बोल्ट बाहेरून आंत, थोडे थोडे सैल करावे.

हेड उतरल्यावर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावे. परंतु धारदार हत्यारानें ओरखडूं नयेत. बोल्टांच्या भोकांत पाणी अगर तेल राहूं देऊं नये, कारण बोल्ट आंत जातांना कोंडलेल्या द्रवानें ठोकळा तडकतो. नंतर हेडवर सरळ पट्टी धरून खालून फीलर गेज घालून पाहावें. वांक ०.१ मिलिमीटरहून अधिक असल्यास तें हेड बदलावें. या इंजिनाचें हेड तासून चालत नाहीं.

यापुढील मोजमाप सर्वांत महत्त्वाचें आहे. पिस्टन अगदीं वर आला असतां तो ठोकळ्याच्या पातळीबाहेर किती डोकावतो, हें डायल गेजनें पाहावें. ०.९१ ते १.०० मिलिमीटर असल्यास एका भोकाचें, १.०१ ते १.१० असल्यास दोन भोकांचें व १.११ ते १.२० असल्यास तीन भोकांचें गॅस्केट घ्यावें. भोकें वाढतात तशी जाडी वाढते. गॅस्केट पातळ पडलें तर पिस्टन हेडला धडकेल. जाड झालें तर दाब उणा पडेल.

बोल्ट नवेच घ्यावे, कारण जुने एकदां ताणले गेलेले असतात. ते मधून बाहेर या क्रमानें टॉर्क पान्यानें प्रथम ४० व नंतर ६० न्यूटन-मीटर आवळून, मग दोनदां पाव पाव फेरा फिरवावे. बेल्ट बसविल्यावर इंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावें. कोठें अडलें तर जोर न करितां थांबावें. व्हॉल्व पिस्टनवर आदळत असण्याचा संभव असतो. इतर इंजिनांची मापें निराळीं असतात. तीं त्या त्या गाडीच्या पुस्तकांतूनच घ्यावीं.

सरतेशेवटीं एक गोष्ट विसरूं नये. गॅस्केट बहुधा स्वतःहून जळत नाहीं. पाण्याचा पंप, पंखा, थर्मोस्टॅट अथवा गळकी नळी यांपैकीं कोणी तरी आधीं दगा दिलेला असतो. तो दोष शोधल्यावांचून नवें गॅस्केट घालणें म्हणजे सर्व श्रम व खर्च पुन्हां जाळण्यासारखेंच होय. बिघडलेली वस्तु बदलणें हें अर्धें काम. ती कां बिघडली हें जाणणें हें उरलेलें अर्धें.