हिवाळ्याचे भाकीत

मेपल वृक्षांची पाने लाल होऊ लागली, की अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील हौशी हवामान-निरीक्षकांत एकच चर्चा सुरू होते : यंदाचा हिवाळा कसा जाणार, आणि बर्फ किती पडणार? हा केवळ छंदाचा प्रश्न नव्हे. घर उबदार ठेवण्यास लागणारे तेल, रस्त्यांवर टाकावयाचे मीठ यांची तरतूद थंडी पडण्यापूर्वीच करावी लागते.

भाकिते वर्तविण्याची प्रथा तेथे जुनी आहे. रॉबर्ट थॉमस यांनी १७९२ साली सुरू केलेले 'ओल्ड फार्मर्स अल्मनॅक' हे पंचांग आजही वर्षभराचे हवामान आगाऊ छापते. कित्येकांची भिस्त एका केसाळ सुरवंटावर असते. याची दोन्ही टोके काळी व मधला पट्टा तांबूस असतो. पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य, अरुंद असेल तर कडक, असा समज आहे. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकशास्त्रज्ञ सी. एच. करन यांनी १९४८ पासून काही वर्षे असे सुरवंट गोळा करून त्यांचे पट्टे मोजले; पण नमुने फारच थोडे होते. शिवाय सुरवंट वाढतो तसतसा पट्टाही रुंदावतो. तेव्हा तो काही सांगत असलाच, तर सरलेल्या ऋतूविषयी!

आता हौशी मंडळींची दृष्टी पॅसिफिक महासागराकडे वळली आहे. 'एल निन्यो' हे नाव भारतीय वाचकास मोसमी पावसामुळे परिचित आहे. विषुववृत्तालगतचे सागरजल नेहमीपेक्षा तापले, की उंचावरील वेगवान वाऱ्यांचा मार्ग बदलतो आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा बहुधा सौम्य जातो. या 'बहुधा'चा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. असे अंदाज ऋतूचा कल सांगतात. एखाद्या रात्रीचे वादळ त्यांच्या कक्षेत येत नाही.

२०१५-१६ चा हिवाळा याचे उत्तम उदाहरण होय. एल निन्यो प्रबळ होता. २४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये तापमान २२ अंश सेल्सियसवर गेले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तोवरच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा तो हाच. बर्फाची आशा धरणारे निराश झाले असल्यास नवल नाही. आणि त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१६ मध्ये, त्या शहराच्या सेंट्रल पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ७० सेंटिमीटर बर्फ पडला. १८६९ पासूनच्या नोंदींत एवढा बर्फ तेथे कधीच पडला नव्हता.

असे वादळ घडते ते उत्तरेकडील शीत हवा आणि अटलांटिकवरील उष्ण, दमट हवा किनाऱ्याजवळ भिडल्यामुळे. वादळाचे केंद्र जमिनीच्या फार जवळून गेले तर बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार दूरून गेले तर शहर जवळजवळ कोरडेच राहते. २६ जानेवारी २०१५ रोजी न्यूयॉर्कसाठी ५० ते ७५ सेंटिमीटर बर्फाचा इशारा होता. बर्फासाठी भुयारी रेल्वे बंद ठेवण्याचा तो पहिलाच प्रसंग. वादळ किंचित पूर्वेकडे सरकले आणि सेंट्रल पार्कमध्ये जेमतेम २५ सेंटिमीटर बर्फ पडला. बॉस्टनमध्ये मात्र त्याच वादळाने ६० सेंटिमीटरहून अधिक बर्फ टाकला.