मासानुमासिक गर्भवृद्धी : पहिल्या दोन महिन्यांतील वैद्याची जबाबदारी

ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार घटकांच्या योग्य संयोगाने गर्भधारणा होते, हे आपण सर्वजण पदवी अभ्यासक्रमात शिकलो आहोत. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात गर्भाच्या महिन्यागणिक वृद्धीचे वर्णन आले आहे. तथापि गर्भिणी आपल्याकडे येते ती बहुधा पाळी चुकून महिना उलटल्यावर. शिराळा परिसरातील आमचा अनुभवही असाच आहे. तोपर्यंत गर्भशय्येत काय काय घडून गेलेले असते, हे नेमके ठाऊक असल्याशिवाय कोणतीही औषधयोजना निर्धोक ठरत नाही. या दृष्टीने हा विषय येथे मांडत आहोत.

कालगणना

गर्भिणीचे दिवस आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. नियमित २८ दिवसांच्या चक्रात गर्भधारणा त्यानंतर सुमारे १४ दिवसांनी होते. त्यामुळे "दीड महिना झाला" असे सांगणाऱ्या स्त्रीच्या गर्भाचे वय सुमारे चारच आठवडे असते. पूर्ण काळ २८० दिवसांचा, म्हणजे २८ दिवसांचे दहा महिने होतो. संहितेतील मास आणि सोनोग्राफीच्या अहवालातील आठवडे यांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

पहिला व दुसरा महिना

सुश्रुताचार्यांनी पहिल्या महिन्यातील गर्भास 'कलल' म्हटले असून दुसऱ्या महिन्यात तो 'घन' होतो असे सांगितले आहे. आधुनिक गर्भविज्ञानानुसार फलित बीज सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अंतस्त्वचेत रुजू लागते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाचे स्पंदन सुरू होते. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात, ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट न मिटल्यास मस्तकाची वा पाठीच्या कण्याची गंभीर व्यंगे उद्भवतात. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात जवळजवळ सर्व अवयवांचा पाया घातला जातो. आठव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाची लांबी अवघी ३ सेंटिमीटरच्या आसपास असते.

याचा अर्थ असा की, पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच मज्जानलिका मिटलेली असते. म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू असावे. अपत्याची इच्छा असणाऱ्या जोडप्यास हा सल्ला देणे, हे बीजशुद्धी व क्षेत्रशुद्धी यांच्याच विचाराशी सुसंगत आहे.

तिसरा ते नववा महिना

तिसऱ्या महिन्यात हात, पाय व शिर यांचे पाच पिंड व्यक्त होतात, असे सुश्रुत म्हणतात. चरकांच्या मते सर्व इंद्रिये व अंगे एकाच वेळी प्रकट होतात. पाळीपासून मोजल्यास बोटे स्पष्ट होण्याचा काळ दहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या महिन्यातच येतो. चौथ्या महिन्यात गर्भास स्थिरत्व येते व स्त्री दौहृदिनी होते. पाचव्या महिन्यात मांस-शोणिताचा उपचय होतो. गर्भाचे वजन ३०० ग्रॅमच्या घरात जाते. पहिलटकरणीस हालचाल जाणवते ती बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान. अठ्ठाविसाव्या आठवड्यात वजन सुमारे १ किलो होते.

आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, या वचनावरून "सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही" अशी समजूत समाजात रूढ झाली. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव ३४ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. गर्भाशयात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो. म्हणून आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्यास विलंब न करता नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

'मुलाचे औषध'

वंशाला दिवा हवा म्हणून औषध मागणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. पुंसवन विधी चरकसंहितेत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी तो करावा, असे तेथे सांगितले आहे. सातव्या आठवड्यापर्यंत दोन्ही प्रकारच्या गर्भांची जननांगे सारखीच दिसतात, त्यामुळे आचार्यांचे निरीक्षण सूक्ष्मच होते. परंतु लिंग 'दिसणे' व 'ठरणे' या भिन्न गोष्टी आहेत. ते पित्याच्या शुक्रबीजातील एक्स वा वाय गुणसूत्रावरून फलनाच्या क्षणीच ठरते. त्यानंतर दिलेले कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. मात्र हे औषध दिले जाते ते नेमके अवयव घडत असताना. हरियाणात झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आढळले.

सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८५१ होत्या. २०११ मध्ये ८६७. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या घरात 'मुलाचे औषध' मागितले जाते, त्याच घरात मुलीच्या गर्भास धोका असतो. १९९४ च्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, विशिष्ट लिंगाच्या गर्भाची शक्यता वाढवण्यासाठी काहीही देणे, लिहून देणे वा पुरवणे हीदेखील लिंगनिवडच होय. औषधविक्रेताही यातून सुटत नाही.

धातुयुक्त कल्प

गर्भिणीस सर्रास दिल्या जाणाऱ्या गर्भपाल रसात हिंगूळ व नागभस्म आहे. शिसे वार पार करून गर्भापर्यंत पोहोचते व मेंदूच्या वाढीस बाधा आणते. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातील आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले होते. पारद व नाग यांचे कल्प गर्भिणीस देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. विक्रेत्यांनीही ते चिठ्ठीविना हातात ठेवू नयेत.

मग द्यावे काय? चरकांनी पहिल्या महिन्यात केवळ दूध, दुसऱ्यात मधुर द्रव्यांनी सिद्ध दूध, तिसऱ्यात मध व तुपासह दूध, चौथ्यात दूध-लोणी असा क्रम सांगितला आहे. अवयव घडत असताना तीक्ष्ण औषध नव्हे, तर सौम्य आहारच द्यावा, हे त्यामागील सूत्र आहे. त्यास फॉलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून लोह, तसेच नियमित रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासणीची जोड द्यावी.

पाळी चुकल्याचे सांगत येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस आधी शेवटच्या पाळीची तारीख व सध्या चालू असलेली औषधे विचारावीत. जे गर्भास अनावश्यक, ते त्याच दिवशी बंद करावे. पहिल्या दोन महिन्यांत गर्भाचे रक्षण बव्हंशी न दिलेल्या औषधानेच होते, ही गोष्ट वैद्य व औषधविक्रेते यांनी सदैव ध्यानी ठेवावी, ही विनंती.