पाणबुड्याचा श्वास आणि त्याची निगा

नळाच्या पाण्याची वाट पाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें अशा सोलापूरकरानें समुद्राच्या तळाशीं उतरणाऱ्यांच्या यंत्राविषयीं बोलावें, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. गेल्या नाताळपर्यंत मलाहि तसेंच वाटलें असतें.

त्या सुटींत आम्ही मालवणास गेलों होतों. तेथील समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालापासून संरक्षित आहे. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें पाण्याखालीं उतरण्याचें शिक्षण देणारी संस्था काढली आहे. प्रवाळ व मासे पाहण्यासाठीं हल्लीं तेथें माणसांची रीघ लागते. माझ्या चौदा वर्षांच्या नातीनेंहि हट्ट धरला. होडींत बसल्यावर तिच्या तोंडांत द्यावयाच्या यंत्रांतून बारीक फुसफुस ऐकूं येऊं लागली. होडीवाला म्हणाला, "आजोबा, जुना आहे तो. थोडी हवा जाते, पण चालतें." आमच्यासोबत माझा एक जुना विद्यार्थी होता, अशा यंत्रांची दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय. त्यानें यंत्राला कान लावला आणि म्हणाला, "सर, आज पोरीला पाण्यांत उतरवूं नका." नात दिवसभर आमच्याशीं बोलली नाहीं.

या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात, आणि त्याचें एक भावंड आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत आहे. गॅसच्या सिलिंडरांतील जोराचा दाब उतरवून शेगडीला सोसेल इतकाच गॅस सोडणें, हें घरच्या रेग्युलेटरचें काम. पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरांत हवा वातावरणाच्या सुमारें २०० पट दाबानें कोंबलेली असते. ती थेट तोंडांत घेतली तर फुप्फुसें फाटतील. शिवाय दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो, आणि श्वासाची हवाहि त्याच दाबाची असावी लागते. नाहीं तर छाती फुगणारच नाहीं. म्हणजे हा रेग्युलेटर दाब नुसता उतरवीत नाहीं, तर खोलीप्रमाणें तो जुळवूनहि घेतो.

आणि नातें केवळ उपमेचें नाहीं. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो या नौदलाच्या अधिकाऱ्यास ज्या गान्यां नांवाच्या इंजिनियरानें असें यंत्र बनवून दिलें, तो युद्धांतील पेट्रोलच्या टंचाईमुळें मोटारी गॅसवर चालविण्याच्या झडपेवर काम करीत होता. तीच झडप त्यानें पाण्याखालीं नेली.

काम दोन टप्प्यांत होतें. सिलिंडरावर बसणारा पहिला टप्पा २०० चा दाब भोंवतालच्या दाबापेक्षां नऊ-दहा वातावरणांनीं अधिक इतक्यावर आणून नळींत सोडतो. तोंडाजवळच्या दुसऱ्या टप्प्यांत एक रबरी पडदा असतो. श्वास ओढला कीं पडदा आंत वाकतो, एक लहानशी तरफ दाबतो आणि झडप उघडते. श्वास थांबला कीं झडप मिटते.

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यानें तो रेग्युलेटर आपल्या टेबलावर घेतला व नळीला दाबमापक जोडला. कांटा दहावर येऊन स्थिर राहावयास हवा होता. तो दहावर आला, अकरावर गेला, आणि तसाच वर सरकत राहिला. पहिल्या टप्प्यांतील झडप आपल्या बैठकीवर नीट मिटत नव्हती. दाब साचत जाऊन शेवटीं तो तोंडाकडची झडप ढकलून उघडी करतो. ती फुसफुस याचीच. यांत गुदमरण्याचें भय ताबडतोब नसतें. पण हवा वाहूं लागली कीं सिलिंडर पाहतां पाहतां रिकामा होतो. कांहीं फार जुन्या घडणींत झडप उलट बाजूस मिटते. तेथें साचलेला दाब झडप अधिकच घट्ट आवळतो, हवेस वाट उरत नाहीं, आणि जास्तीचा दाब सोडणारी निराळी झडप नसेल तर नळीच फुटावयाची.

मग त्यानें यंत्र उघडलें. तोंडाशीं असलेल्या धातूच्या गाळणीचा रंग पाहूनच कारागिराला रोग कळतो. हिरवट रंग म्हणजे खारें पाणी आंत शिरलें. तांबूस म्हणजे लोखंडी सिलिंडरांतील गंज. काळी पूड म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाची गाळणी बिघडलेली. आमची गाळणी हिरवी होती. वापरून झाल्यावर कोणी तरी तोंडाचें टोपण न लावतांच यंत्र बादलींत बुडविलें असावें. गोड्या पाण्यांत भिजवून मीठ काढणें अवश्यच आहे. पण आधीं टोपण कोरडें पुसून घट्ट लावावें, आणि हवेचा दाब नसतांना पुढचें बटण दाबूं नये, कारण त्यानें झडप उघडून पाणी नळीवाटे आंत जातें.

पितळेचें अंग चाळीस वर्षें टिकतें. म्हातारें होतें तें रबर. कुकरची रिंग कडक झाली कीं वाफ कशी बाजूनें निघते, हें गृहिणींस सांगावयास नको. येथील रबरी कडींहि दर दुरुस्तीस नवीं घालावीं लागतात, आणि तीं काढण्यास पोलादी सुई वापरूं नये. पितळेवर एक ओरखडा पडला कीं नवें कडेंहि गळूं लागतें. (स्टोव्हच्या पिनेनें हवें तें टोंचीत बसण्याची संवय मला आहे, म्हणून हें विशेष लक्षांत राहिलें.) पितळेवरील मीठ त्यानें पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्यें थोडा वेळ ठेवून उतरविलें, फार वेळ ठेवल्यास मुलामाहि उतरतो. खरी अडचण सुट्या भागांची. जुन्या घडणीची बैठक कारखान्यांतून मिळेनाशी झाली, कीं जवळपास बसेलसें कांहीं तरी घालण्याचा मोह होतो. माझ्या विद्यार्थ्यास तो झाला नाहीं. त्यानें यंत्र साफ करून, सुटें तसेंच, पिशवींत भरून होडीवाल्यास परत केलें व मजुरी घेतली नाहीं.

नात तिसऱ्या दिवशीं दुसऱ्या रेग्युलेटरवर उतरली; त्याचा कांटा मीं स्वतः दहा मिनिटें पाहत बसलों होतों. ती झिजलेली बैठक होडीवाल्यास नको होती, म्हणून मीं मागून घेतली. वाटाण्याएवढी आहे. भिंगाखालीं धरली म्हणजे तिच्यावरचें खोल वर्तुळ व त्याला छेदणारी केसासारखी एक रेघ स्पष्ट दिसते.