टाकीतल्या हवेत जोर येतो कुठून?

भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्याही लहानशा वर्कशॉपसमोर क्षणभर थांबा. धडधड धडधड आवाज चालू असतो आणि मध्येच फुस्स! हा हवेचा कॉम्प्रेसर. पिंपरीपासून चाकणपर्यंत एवढ्या गाड्या तयार होतात, त्यात हवा राब-राब राबते. नट आवळते, रंगाचा फवारा मारते, लेथवरचा लोखंडाचा कीस उडवते. आपल्या दापोडीत तर कॉम्प्रेसर बनवण्याचंच काम कित्येक दशकं चालत आलंय.

त्या कॉम्प्रेसरकडे जरा निरखून पाहा. (हात मात्र लावू नका, चटका बसेल!) दोन सिलिंडर दिसतील, एक जाडा आणि एक बारीक. पहिल्यातली हवा दुसऱ्यात नेणाऱ्या नळीला पातळ पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या असतात, आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या चाकाचे आरे पंख्यासारखे तिच्यावर वारा घालतात. म्हणजे आधी हवा दाबायची, मग ती थंड करायची आणि पुन्हा दाबायची! हा खटाटोप कशासाठी?

हवा दाबली की तापते. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जसा जास्त वेगाने परततो, तसे पुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर आदळलेले रेणू जास्त वेगाने परततात. रेणूंचा वेग वाढला, की हवा तापली. आपण केलेलं काम असं हवेत शिरतं.

आता हिशेब करू. हवा ‘आदर्श वायू’ आहे आणि कुठे घर्षण नाही, असं धरू. २७ अंश सेल्सिअसची एक लिटर हवा घ्यायची, तिचा दाब आठपट करायचा आणि ती टाकीत ढकलायची. उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही, तर हवा तापून २७० अंशांवर जाते आणि २८४ जूल काम करावं लागतं. उलट अगदी सावकाश दाबत, सगळी उष्णता बाहेर जाऊ देत, तापमान २७ वरच ठेवलं, तर २०८ जुलांत भागतं. तापलेली हवा दट्ट्याला जास्त जोराने मागे रेटते, म्हणून तिला दाबणं महाग पडतं. बरं, ती महागडी गरम हवाही टाकीत पडून शेवटी थंडच होते! वरचे ७६ जूल गेले वाया.

म्हणून ती मधली नळी. दोन टप्प्यांत प्रत्येकी सुमारे २.८ पट दाबलं आणि मध्ये हवा पुन्हा २७ अंशांवर आणली, तर ती फक्त १३१ अंशांपर्यंत तापते आणि खर्च येतो २४२ जूल. चार चकत्यांच्या नळीने केवढी वीज वाचवली!

पण खरं नवल पुढेच आहे. सावकाश दाबताना आपण २०८ जूल काम केलं आणि हवेने बरोबर २०८ जूल उष्णता बाहेर टाकली. मग तिच्याकडे उरलं काय? ऊर्जेच्या हिशेबात काहीच नाही! आदर्श वायूची ऊर्जा फक्त तापमानावर ठरते आणि तापमान तर होतं तेवढंच आहे. तरीही हीच हवा चाकांचे नट आवळते.

मग ते काम येतं कुठून? दाबलेली हवा सावकाश पसरू दिली, तर ती भोवतालची उष्णता शोषून घेते आणि तिचंच काम करून देते, पुन्हा पुरते २०८ जूल. टाकीतल्या हवेकडे ऊर्जेचा जादा साठा नसतो. तिच्याकडे असते पसरण्याची संधी! अशी जशीच्या तशी उलट फिरवता येणारी क्रिया सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली आपल्या पुस्तकात मांडली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाफेची इंजिनं होती.

वर्कशॉपमधल्या, हवेवर चालणाऱ्या नट आवळायच्या गनला एवढी सवड कुठली! नट क्षणात आवळला गेला पाहिजे. भोवतालची उष्णता घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून हवा स्वतःच्याच ऊर्जेतून काम करते आणि गनमधून बाहेर पडताना गारेगार लागते.