यंत्राची बुद्धी आणि आपली बोली

आज ज्या विषयावर बोलण्याचे मी योजिले आहे तो दिसावयास अगदी नवा आहे. परंतु त्याचा एक धागा म्हैसूर शहरातील एका जुन्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो. सन १९३५ मध्ये म्हैसूर विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी 'विठ्ठल विहार' नावाच्या आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले आणि त्याला 'आकाशवाणी' असे नाव दिले. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. गंमत अशी, की गोपालस्वामी हे यंत्रविद्येचे नव्हे, तर मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनमध्ये चार्ल्स स्पिअरमन ह्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते, आणि स्पिअरमन ह्यांचे नाव ज्या प्रश्नाशी कायमचे निगडित आहे तो प्रश्न असा: बुद्धी म्हणजे काय, आणि ती मोजता येते काय?

त्या घरापासून फारशा दूर नसलेल्या विजयनगर ह्या वसाहतीत बसून मी हे भाषण लिहीत आहे, आणि माझ्यापुढेही तोच प्रश्न आहे. फरक इतकाच, की त्या काळी तो माणसाविषयी विचारला जात असे. आज तो यंत्राविषयी विचारला जातो. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द आता वृत्तपत्रांतून, शाळांतून, किंबहुना बाजारातल्या बोलण्यातूनही आपल्या कानी पडतात. कोणी त्यांनी भारावून जातो, तर कोणी धास्तावतो. ह्या दोन्ही वृत्ती बाजूला ठेवून, ह्या शब्दांचा नेमका अर्थ काय आणि आपणां मराठी बोलणाऱ्यांचा त्यात संबंध कोठे येतो, एवढेच पाहण्याचा आज माझा विचार आहे.

प्रथम व्याख्येकडे वळू. स्पिअरमन ह्यांनी १९०४ साली असे प्रतिपादन केले, की माणसाच्या निरनिराळ्या कौशल्यांच्या मुळाशी एक सर्वसाधारण बौद्धिक शक्ती असते. हे मत सर्वांनी मान्य केले असे नाही. बुद्धीच्या व्याख्येविषयी विद्वानांचे एकमत आजतागायत झालेले नाही. मग ज्या वस्तूची व्याख्याच ठरलेली नाही ती यंत्रात आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? अ‍ॅलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली ह्यातून एक वाट काढली. तो म्हणाला, यंत्र विचार करते काय, हा वाद तूर्त सोडून द्या. एका खोलीत परीक्षक बसवा. दृष्टीआड एक माणूस आणि एक यंत्र ठेवा. परीक्षकाने लेखी प्रश्न विचारावे, दोघांनी लेखी उत्तरे द्यावी. माणूस कोणता आणि यंत्र कोणते हे परीक्षकाला ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धिमान म्हणण्यास हरकत कोणती? पुढे १९५५ साली जॉन मॅकार्थी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकेतील डार्टमथ येथे भरवावयाच्या एका अभ्याससत्राची योजना लिहिली. तिच्यात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव आले, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात ते सत्र भरले. त्यांची भूमिका साधारणपणे अशी होती: जे काम माणसाने केले असता आपण त्याला बुद्धीचे काम म्हणू, ते यंत्राकडून करवून घेण्याचा प्रयत्न म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता.

ह्या व्याख्येतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यंत्राला कळते, यंत्राला वाटते, असे ती कोठेही म्हणत नाही. ती केवळ कृतीकडे पाहते. बुद्धीचे काम होणे आणि काम करणाऱ्याला समज असणे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि ह्या विषयातील निम्मे गैरसमज त्या एकच मानल्यामुळे होतात.

आपल्या देशालाही हा विषय परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्याच्या उभारणीचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन पुढे आकृती ओळखणारी यंत्रे आणि माणसाची भाषा ह्यांच्या अभ्यासाकडे वळले, आणि भारतातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

आता यंत्राला बुद्धीचे काम शिकवावयाचे कसे, ते पाहू. ह्याचे दोन मार्ग आहेत: एक नियमांचा, दुसरा उदाहरणांचा. आपल्या भाषेतला 'हार' हा शब्द घ्या. निवडणूक संपते, एकाच्या गळ्यात हार पडतो आणि दुसऱ्याच्या पदरी हार येते. पहिला हार पुल्लिंगी, फुलांचा. दुसरी हार स्त्रीलिंगी, पराभवाची. व्याकरणकार यंत्राला नियम सांगेल: क्रियापदाचे लिंग पाहा आणि अर्थ ठरव. नियम चांगला आहे. पण 'हार मानू नकोस' ह्या वाक्यात क्रियापदावरून लिंग कळतच नाही. मग दुसरा नियम करावा लागतो, त्याला अपवाद निघतो, अपवादाला पोटअपवाद निघतो. आरंभीची कित्येक वर्षे संशोधकांनी हाच मार्ग चोखाळला, आणि जेथे नियम मोजके व पक्के असतात तेथे त्याला यशही आले. परंतु भाषा काही तशी नव्हे.

दुसरा मार्ग उदाहरणांचा. ह्यात यंत्राला नियम सांगितला जात नाही. 'हार' हा शब्द असलेली हजारो वाक्ये त्याच्यापुढे ठेवली जातात. एका 'हार'जवळ गळा, फुले, सत्कार हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, दुसऱ्या 'हार'जवळ मानणे, पत्करणे, सामना हे शब्द येतात, हा मेळ यंत्र मोजणीने पकडते. ह्यालाच 'यंत्रशिक्षण' म्हणतात. आर्थर सॅम्युएल ह्यांनी १९५९ साली सोंगट्यांच्या एका खेळाच्या द्वारे ते दाखवून दिले. त्यांचे यंत्र खेळता खेळता आपला खेळ सुधारीत असे.

हे शिक्षण आत कसे घडते, ह्याची कल्पना तंबोरा लावण्यावरून येईल. आपण तार छेडतो, सूर हव्या त्या सुराशी पडताळून पाहतो, आणि खुंटी किंचित पिळतो. पुन्हा छेडतो, पुन्हा पिळतो. तंबोऱ्याला बहुधा चार खुंट्या असतात. आजच्या यंत्रात कोट्यवधी खुंट्या असतात, आणि त्या लाकडाच्या नसून नुसत्या संख्या असतात. यंत्र एक अंदाज करते, खऱ्या उत्तराशी तो ताडून पाहिला जातो, आणि जितकी चूक पडली असेल त्या मानाने ह्या संख्या थोड्या थोड्या हलविल्या जातात. ही मांडणी मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचली, म्हणून तिला 'चेताजाळे' म्हणतात. फ्रँक रोझेनब्लॅट ह्यांनी १९५८ साली तिचे एक साधे रूप मांडले होते. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्ता हे मोठे वर्तुळ, त्याच्या पोटात यंत्रशिक्षण, आणि त्याच्याही पोटात चेताजाळे, असा हा क्रम लक्षात ठेवावा.

हल्ली जी यंत्रे आपल्याशी संभाषण करतात ती ह्याच जातीची आहेत. त्यांना मुळात एकच खेळ शिकविलेला असतो: वाक्याचा आरंभ दिला असता पुढचा शब्द कोणता असेल, ते ओळखा. हजारो कोटी शब्दांवर हा खेळ खेळून झाला म्हणजे यंत्राच्या भाषेला असा काही सफाईदारपणा येतो, की ऐकणारा थक्क होतो. परंतु संभवनीय शब्द आणि खरा शब्द ह्यांत अंतर असते. म्हणूनच असे यंत्र कधी कधी अगदी अस्खलित भाषेत, किंचितही न अडखळता, खोटी माहिती सांगून मोकळे होते. ते लबाडी करते असे नव्हे. खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याचे काम त्या मूळ खेळात त्याला दिलेलेच नव्हते.

येथवर आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. यंत्राची बुद्धी जर उदाहरणांतून येते, तर ती उदाहरणे कोणाची?

ह्याचे उत्तर शोधावयास मला विजयनगरहून फार लांब जावे लागत नाही. जवळच मानसगंगोत्रीच्या परिसरात 'भारतीय भाषा संस्थान' आहे. १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेल्या ह्या संस्थेत देशातील लहानमोठ्या भाषांचा अभ्यास चालतो. १९९१ च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने प्रमुख भारतीय भाषांतील लिखाणाचे संगणकीय साठे करावयाचे ठरविले, तेव्हा प्रत्येक भाषेसाठी सुमारे ३० लाख शब्दांचे उद्दिष्ट होते. मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उचलले, दक्षिणेकडील चार भाषांचे म्हैसूरने. आणि पुढे हे सारे साठे म्हैसूरच्या ह्याच संस्थेकडे आले. आता तेथे लिखित मजकुराबरोबर माणसांचे प्रत्यक्ष बोलणेही ध्वनिमुद्रित करून साठविण्याची योजना चालते. असे काम महाराष्ट्रात त्याही आधी झाले होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री ह्यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या लिखाणातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडून १० लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला. मात्र तो भारतीयांच्या इंग्रजीचा होता.

बोलण्याचा साठा वेगळा का लागतो, हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना तरी समजावून सांगावयास नको. 'हे जग सुंदर आहे' आणि 'तू शंभर वर्षे जग' ह्या दोन वाक्यांत 'जग' हा शब्द एकसारखाच लिहितात. उच्चार मात्र भिन्न आहेत. छापील पुस्तके कितीही वाचली तरी हा भेद यंत्राला कळणार नाही. तो कोणीतरी बोलूनच दाखवावा लागतो.

आता एक लहानसा प्रसंग सांगतो. आमच्या शेजारी निपाणीकडच्या एक वृद्ध बाई आपल्या मुलाकडे राहतात. सारी गल्ली त्यांना आक्का म्हणते. त्यांचे यजमान सैन्यात होते. त्यांच्या माघारी मिळावयाच्या निवृत्तिवेतनासंबंधी उत्तरेकडील एका कार्यालयाला हिंदीत पत्र धाडावयाचे होते. मुलगा कामावर गेलेला. म्हणून मी बोललेले भाषांतरित करणारे एक साधन त्यांच्यापुढे धरले. आक्का आपल्या बोलीत म्हणाल्या, 'मी दोन बारीला हापिसात जाऊन आलो.' कोल्हापूर, निपाणी, बेळगाव ह्या पट्ट्यातील कित्येक स्त्रिया स्वतःविषयी 'मी आलो', 'मी जेवलो' असेच बोलतात. ती तेथली रीतच आहे. यंत्राने मात्र पत्र लिहिले ते एखाद्या पुरुषाने लिहावे तसे: 'मैं आया', 'मैं गया'. मी ते वाचून दाखविले तेव्हा आक्का हसल्या. 'आरं बाबा, ह्यानं तर मला बाप्याच केलं की!'

मीही हसलो, परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. विधवेच्या निवृत्तिवेतनासाठी आलेला अर्ज पुरुषाच्या तोंडचा दिसला, तर दूरच्या कारकुनाने त्याचा काय अर्थ लावावा? आक्कांचे बोलणे अशुद्ध नव्हते आणि यंत्राचे गणितही चुकले नव्हते. यंत्राने जी मराठी पाहिली होती तीत 'मी आलो' म्हणणारा बहुधा पुरुषच होता. आक्कांसारख्या बायका त्या उदाहरणांत पुरेशा आल्याच नव्हत्या. जे यंत्रापुढे आले नाही ते यंत्राच्या लेखी नाही, आणि ह्या अभावाची किंमत यंत्र नव्हे, माणूस मोजतो. शेवटी ते पत्र आम्ही दोघांनी ओळ न् ओळ तपासून हाताने दुरुस्त केले.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती. इतक्या माणसांची भाषा एकाच साच्याची कशी असेल? वऱ्हाडातली मराठी निराळी, मालवणातली निराळी. बडोदे, इंदूर, तंजावर येथील घरांतून जपलेली मराठी आणखी निराळी. उद्या दवाखान्यातील लक्षणे, न्यायालयातील जबान्या, शेतकऱ्यांचे अर्ज हे सारे जर यंत्रांच्या कानांनी ऐकले जाणार असेल, तर त्या कानांना ह्या सर्व बोलींची ओळख असणे हा कौतुकाचा नव्हे, न्यायाचा विषय आहे. २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' ही योजना सुरू केली. तीत 'भाषादान' म्हणून एक उपक्रम आहे, आणि त्यात सामान्य नागरिकाला आपल्या भाषेतील वाक्ये बोलून वा तपासून देता येतात. शब्दांचा साठा करणे हे आता केवळ पंडितांचे काम राहिलेले नाही.

तेव्हा ह्या विषयातून तीन गोष्टी गाठीशी बांधाव्या. यंत्राची बुद्धी म्हणजे उदाहरणांतून मोजून काढलेला मेळ होय. तिला समज मानू नये. यंत्राचे बोलणे सफाईदार असले तरी ते पडताळून घ्यावे. आणि ज्या निर्णयावर कोणाचे अन्न, आरोग्य वा अब्रू अवलंबून आहे, त्याच्याखाली सही माणसाची असावी.

गोपालस्वामींनी आपल्या घरातील ध्वनिक्षेपकापुढे माणसे आणून बसविली आणि त्यांचा आवाज दूरवर पोहोचविला. आता आपला आवाज यंत्राच्या कानी पोहोचविण्याची पाळी आपली आहे. आक्कांना मी भाषादानाविषयी सांगितले आहे. 'मी बोललेलं चालतंय व्हय त्यास्नी?' असे त्यांनी मला विचारले. चालेल, असे मी त्यांना सांगितले आहे. किंबहुना तेच हवे आहे.