सरपंचांचा दाखला आणि गोदामाचा परवाना

भिवंडीतले गाळे अपुरे पडले की आम्ही कापडवाले आसपासच्या गावांत गोदामासाठी जागा शोधतो. दलालाचा पहिला सल्ला ठरलेला: ग्रामपंचायतीचा 'ना हरकत' दाखला घ्या आणि पाया खणा.

व्यापारी बंधूंनी येथेच थांबावे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने बांधकाम परवानगीचा पंचायतीचा अधिकार गावठाणापुरता आहे. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, 1966 च्या नगररचना कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भिवंडीभोवतालच्या 60 गावांचे नियोजन तर 2007 साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले.

घरपट्टीच्या पावतीवर पुष्कळ जण निश्चिंत असतात. घरपट्टी हा कर आहे. बेकायदा इमारतीवरही तो बसतो. पाडण्याची नोटीस आली की कापडाच्या गाठी ठेवायच्या कोठे? 'सगळेच असे बांधतात,' असे दलाल म्हणतो. (नोटिसाही पुष्कळांना येतात!)

सातबारा पाहावाच, पण त्यावरून झोन कळत नाही. गट नंबर देऊन झोन दाखला काढावा, रस्त्याची रुंदी मोजून घ्यावी. आणि परवानगी न मिळाल्यास बयाणा परत, ही अट साठेकरारात लिहून घ्यावी. तोंडी वायदा चालणार नाही.