जुना संगणक आणि राजपुत्र

रामबागेतील माझ्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत २००३ साली घेतलेला संगणक अद्याप चालतो. त्यावर ‘विंडोज एक्सपी’ ही प्रणाली आहे. रात्री शेवटचे बाळ तपासून झाले की मी अधूनमधून त्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळतो. पन्नाशी उलटलेल्या बालरोगतज्ज्ञाला हे शोभते का, असे सौभाग्यवती विचारतात. माझ्यापाशी उत्तर नाही.

खेळ १९८९ चा. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याचे, उड्या मारण्याचे चित्रीकरण केले आणि त्यातील एकेक चित्र पाहून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. दिवसभर मुलांची चाल न्याहाळणाऱ्या मला त्या अस्सलपणाचे फार कौतुक वाटते. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करायची असते. माझ्या मुलाने ती दहाव्या वर्षी केली; मला अजून साधलेली नाही.

नव्या संगणकावर का खेळत नाही? डॉसच्या काळातील हे खेळ १६-बिटचे. ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाहीत. ‘डॉसबॉक्स’चा उपाय मुलाने सुचवला आहे, पण माझा जीव जुन्या पेटीत. शिवाय एक्सपीतला ‘पिनबॉल’ पुढे व्हिस्टातून गेलाच. ६४-बिट रूपात त्याचा चेंडू कशालाही न अडता आरपार जाई, म्हणून तो वगळला, असे मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१२ साली लिहिले आहे.

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ती बातमी मी चहा घेताना वाचली आणि पान उलटले. त्या वेळी माझ्या याच संगणकात राजपुत्राच्या शेजारी अकरा वर्षांच्या लसीकरणाच्या नोंदी होत्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मीच कोणाचा तरी पेनड्राइव्ह त्यात घातला. दुसऱ्या दिवशी एकही नोंद उघडेना. प्रत काढून ठेवलेली नव्हती; ‘पुढच्या रविवारी’ म्हणता म्हणता राहून गेले होते. मातांनी जपलेल्या कार्डांवरून आम्ही पुष्कळ नोंदी पुन्हा लिहिल्या. ज्यांची कार्डे हरवली होती त्यांचे काय? एका आईने विचारले, ‘‘गोवराचा दुसरा डोस झालाय का हो डॉक्टर?’’ मला सांगता येईना. डोस पुन्हा दिला. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही बिघडत नाही, परंतु ते बाळ दुसऱ्यांदा रडले ते माझ्या आळसापायी.

आता ती पेटी पुसून नव्याने मांडली आहे. तिला इंटरनेटची तार नाही, पेनड्राइव्हच्या खाचांवर चिकटपट्टी लावली आहे. ‘‘डॉक्टरकाका, याला कुठे लागलं?’’ असे एका चिमुरडीने विचारलेही. नोंदी वेगळ्या संगणकावर असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नियमित देखभाल संपली, तेव्हा तोही बदलला. दर शनिवारी नोंदींची प्रत निघते, ती मी घरी नेतो. मगच राजपुत्र.